विषावरील संस्कार

क्वीन्सटाउनमधील एखाद्या मराठी घरी बाळ जन्मास आले, की पुण्यामुंबईहून येणाऱ्या आजीच्या सामानात सहाण आणि बाळगुटीची पुरचुंडी हमखास असते. हिरडा, बेहडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, मायफळ, हळकुंड, खारीक, बदाम आणि अतिविषाची कळी या जिनसांचे ठरावीक वेढे सहाणेवर उगाळावयाचे, हा क्रम पिढ्यानुपिढ्या चालत आलेला आहे. त्याच इमारतीत शेजारच्या चिनी घरी बाळंतिणीसाठी मुळ्यांचे काढे उकळत असतात आणि पलीकडच्या मलाय घरी जामूची तयारी चाललेली असते. भाषा तीन, देव निराळे, परंतु तिन्ही घरांतील वडीलधाऱ्या बायकांची श्रद्धा मात्र एकच : झाडपाला निसर्गाचा आहे, तो अपाय करणार नाही.

या श्रद्धेची परीक्षा पाहण्यास बाळगुटीतील अतिविषाचेच उदाहरण पुरेसे आहे. अतिविष ही हिमालयात वाढणाऱ्या ज्या वनस्पतिकुलातील मुळी आहे, त्याच कुलात बचनाग येतो. संस्कृत ग्रंथांतील वत्सनाभ तो हाच. अतिविष नावाने विषारी आणि गुणाने सौम्य. बचनाग मात्र अल्प मात्रेतही मनुष्याचा प्राण घेऊ शकतो. असे असूनही त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव, मृत्युंजय अशा प्रसिद्ध औषधांत बचनाग घातला जातो, आणि ती औषधे महाराष्ट्रातील वैद्यांनी तापासाठी पिढ्यानुपिढ्या दिलेली आहेत. प्राणघातक द्रव्य औषधाच्या गोळीत कसे शिरले व ती गोळी घेणारा रोगी कसा वाचला, या प्रश्नाचे उत्तर ज्या एका शब्दात आहे, तो शब्द म्हणजे संस्कार. वैद्यकाच्या परिभाषेत त्यालाच शोधन म्हणतात. या शोधनाचा इतिहास, त्यामागील कारणे आणि त्याच्या मर्यादा समजून घेणे हे परदेशी राहणाऱ्या कुटुंबांस विशेष अगत्याचे आहे. कारण येथे औषध पोहोचते, परंतु ते सिद्ध करणारा वैद्य त्याबरोबर येत नाही.

स्वयंपाकघरातील पूर्वपीठिका

शोधनाची कल्पना प्रथम ग्रंथांत जन्मली असे मानण्याचे कारण नाही. तिचे मूळ बहुधा चुलीपाशी आहे. अळूचे फदफदे चिंचेवाचून कोणी गृहिणी करीत नाही, कारण अळूतील सुईसारखे सूक्ष्म स्फटिक घशास टोचतात व घसा खवखवतो. सुरण चिंच वा आमसूल घालून उकडावयाचा, तोही याच कारणाने. कोकणातील व सह्याद्रीच्या पट्ट्यातील आदिवासी कडू कंद राख घालून उकडतात, चकत्या करून वाहत्या पाण्यात ठेवतात आणि मगच खातात. ज्या अन्नाने पोट भरते तेच अन्न निष्काळजीपणाने शिजविल्यास बाधते, हे ज्ञान लिपीच्याही आधीचे असले पाहिजे.

मलाय द्वीपकल्पातही हेच ज्ञान स्वतंत्रपणे वाढले. गादुंग नावाचा विषारी कंद येथील लोक बारीक कापून, मिठाच्या वा वाहत्या पाण्यात दिवसेंदिवस भिजवून खाण्यायोग्य करीत. सिंगापूरच्या पेरानाकान स्वयंपाकातील बुआ केलुआक हे तर सर्वपरिचित उदाहरण आहे. या झाडाच्या ताज्या बियांत हायड्रोसायनिक आम्ल निर्माण करणारे द्रव्य असते. त्या बिया आधी उकळतात, नंतर राख, केळीची पाने व माती यांत सुमारे ४० दिवस पुरून ठेवतात. मग त्यांचा गर काळा, तेलकट व रुचकर होतो आणि कोंबडीच्या कालवणात पडतो. सिंगापूरच्या वनस्पति-उद्यानाचे एके काळचे संचालक आय. एच. बर्किल हे त्याआधी कलकत्त्यास वनस्पतींच्या अभ्यासाचेच काम करीत होते. मलाय द्वीपकल्पातील उपयुक्त द्रव्यांचा त्यांचा कोश १९३५ साली प्रसिद्ध झाला. भारतातील आणि या द्वीपकल्पातील वनस्पतिज्ञान एकाच दृष्टीने पाहणाऱ्या जुन्या अभ्यासकांत त्यांची गणना करावी लागेल.

शास्त्रग्रंथांतील शोधन

चुलीपाशी जन्मलेल्या या ज्ञानास आयुर्वेदाने तत्त्वाचे रूप दिले. द्रव्यात मूळचे नसलेले गुण आणणे म्हणजे संस्कार, अशी चरकाची व्याख्या आहे. पाणी, अग्नी, धुणे, घुसळणे, स्थळ, काळ, भावना, भांडे या साधनांनी तो घडतो. तीक्ष्ण विषदेखील युक्तीने योजल्यास उत्तम औषध होते आणि उत्तम औषधही अयोग्य रीतीने दिल्यास विष ठरते, असेही त्याने बजावून ठेविले आहे. पुढे रसशास्त्राचा उत्कर्ष झाला, तेव्हा रसरत्नसमुच्चय, शार्ङ्गधरसंहिता यांसारख्या ग्रंथांत विषे व उपविषे यांची गणना होऊन त्यांच्या शोधनाचे विधी निश्चित झाले. महाराष्ट्रातील वैद्यांच्या नित्य वापरातील योगरत्नाकर हा ग्रंथही याच परंपरेतील होय.

बचनागाचा विधी असा. मुळीचे हरभऱ्याएवढे तुकडे करावयाचे, ते गोमूत्रात घालून तीन दिवस उन्हात ठेवावयाचे, गोमूत्र रोज बदलावयाचे. नंतर वरची साल काढून तुकडे धुवावयाचे, फडक्यात पुरचुंडी बांधून दोलायंत्रात गाईच्या दुधात सुमारे एक प्रहर शिजवावयाचे आणि पुन्हा धुऊन वाळवावयाचे. दोलायंत्र या भारदस्त नावाने बिचकण्याचे कारण नाही. मडके अर्धे द्रवाने भरून त्याच्या तोंडावर आडवी काठी ठेवावी व तिला बांधलेली पुरचुंडी द्रवात बुडेल पण बुडास टेकणार नाही अशी लोंबकळत सोडावी, एवढीच ती योजना. तथापि तीत शहाणपण आहे. तुकडे बुडाशी लागून करपत नाहीत, उष्णता चोहोबाजूंनी सारखी लागते आणि उतरलेला दोष द्रवात राहून द्रव्य वेगळे काढता येते.

कुचला, म्हणजे कोकणातील काजऱ्याचे बी, याचा विधी अधिक लांबलचक आहे. सात दिवस गोमूत्रात भिजविणे, दुधात शिजविणे, वरचे टरफल व आतील अंकुर काढून टाकणे आणि शेवटी तुपात तळणे. जयपाळाचा, म्हणजे जमालगोट्याचा, अंकुर काढून तो दुधात शिजवितात व त्यातील तेल शोषून घेतात. गुंज, धोत्रा, कण्हेर, कळलावी यांचेही विधी सांगितलेले आहेत.

या सर्वांत मराठी माणसाच्या ओळखीचे द्रव्य म्हणजे बिब्बा. दुसऱ्याच्या कामात विघ्न आणणाऱ्यास बिब्बा घालणारा म्हणतात, यातच त्याची ख्याती आली. परीट कपड्यांवर खुणा करण्यास बिब्ब्याचे तेल वापरीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर नेमक्या त्या खुणेच्या जागी फोड उठू लागले, तेव्हा लष्करी डॉक्टरांनी त्याची चौकशी करून १९४३ साली हा विकार वैद्यकीय नियतकालिकात नोंदविला. बिब्बा, काजू व आंबा ही एकाच कुलातील झाडे असून कच्च्या काजूच्या टरफलातील दाहक तेल त्याच जातीचे असते. बिब्ब्याचे शोधन करताना देठाकडील टोक कापून फळे विटेच्या भुकटीत घोळतात व घासतात. भुकटी तेल शोषून घेते. ती काळी पडली की बदलतात आणि मग फळे गरम पाण्याने धुतात. प्रयोगशाळा नव्हती, तराजूही बेताचेच होते. तरी कोणत्या द्रव्याचा दोष पाण्यात उतरतो, कोणाचा दुधातुपात आणि कोणाचा कोरड्या मातीत, याची निवड वैद्यांनी अनुभवाने अचूक केली होती.

चिनी परंपरेशी साम्य

चिनी वैद्यकात या क्रियेस पाओझी म्हणतात. लेइ गोंग यांच्या नावावरील पाओझीविषयक ग्रंथ परंपरेने पाचव्या शतकातील मानला जातो. मूळ ग्रंथ लुप्त झाला असला तरी त्यातील विधी पुढील ग्रंथांनी जतन केले. बचनागाच्याच जातीची फूझी ही मुळी चिनी औषधांत फार महत्त्वाची आहे. ती क्षारयुक्त पाण्यात दीर्घकाळ भिजवितात, शिजवितात, चकत्या करतात, पुन्हा धुतात, वाफवितात आणि वाळवितात. कुचल्याच्या बिया चिनी कारागीर तापलेल्या वाळूत भाजून फुगवितात. जे कार्य महाराष्ट्रातील वैद्याच्या कढईत तुपाने होते, तेच चिनी कढईत वाळूने होते.

हिमालयाच्या दोन बाजूंस, दोन भाषांत, एकाच जातीच्या विषारी मुळीवर भिन्न साधनांनी एकच परिणाम साधला गेला, ही गोष्ट संशोधकांना महत्त्वाची वाटली. कारण तीवरून एक प्रश्न उभा राहतो : गुण गोमूत्राचा, क्षाराचा, की अग्नी आणि पाण्याचा?

रसायनशास्त्राचे उत्तर असे आहे. बचनागातील मुख्य विष म्हणजे ॲकोनिटीन. १८३३ साली गायगर या जर्मन रसायनज्ञाने ते वेगळे केले. त्याच्या रेणूस आम्लांचे दोन अंश जोडलेले असतात. मुळी पाण्यात दीर्घकाळ तापली, की त्यांतील एक अंश प्रथम सुटतो व नंतर दुसरा. पहिला सुटताच विषारीपणा शेकडो पटींनी उतरतो आणि दुसरा सुटल्यावर आणखी कमी होतो. शिवाय विषाचा काही भाग द्रवात उतरून टाकलेल्या द्रवाबरोबर निघून जातो. शिळे गोमूत्र अल्कधर्मी असते आणि अल्कधर्मी द्रवात ही फूट लवकर पडते. तेव्हा प्रमुख काम पाणी, उष्णता व वेळ यांचे. आणि गोमूत्र त्या कामास हात देते, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल. कुचल्यातील स्ट्रिक्नीन पेलेत्ये व काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी १८१८ साली त्याच जातीच्या बियांतून वेगळे केले. तळण्याने वा भाजण्याने त्याचे प्रमाण घटते व काही भागाचे कमी विषारी द्रव्यांत रूपांतर होते.

गोव्यापासून परळपर्यंत

हे ज्ञान युरोपीय अभ्यासकांस कळण्यास विलंब लागला. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने भारतीय औषधींवरील आपला संवादग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापविला. धोत्र्याचे विषारी गुण त्याने नोंदविले आहेत. पुढे कोचीनच्या डच अधिकाऱ्याच्या, व्हान ऱ्हीडच्या, पुढाकाराने हॉर्टस मलबारिकस हा १२ खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या सिद्धतेत केरळीय वैद्य इट्टी अच्युदन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित व आप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांची १६७५ ची साक्ष त्या ग्रंथात देवनागरी अक्षरांत छापलेली आहे. मराठी व कोकणी वाचकांस अभिमान वाटावा अशी ही गोष्ट होय. तथापि अशा ग्रंथांतून वनस्पतींची चित्रे व गुण युरोपास पोहोचले. पुरचुंडी किती वेळ लोंबकळत ठेवावी हे वैद्याच्या हातीच राहिले.

एकोणिसाव्या शतकात मुंबईस विल्यम डिमॉक व त्याचे सहकारी यांनी फार्माकोग्राफिया इंडिका हा ग्रंथ १८८९ ते १८९३ या वर्षांत सिद्ध केला. पाश्चात्य औषधशास्त्राची दृष्टी मात्र वेगळी होती. कच्ची मुळी मद्यार्कात भिजवून अर्क काढावयाचा आणि तो थेंब मोजून द्यावयाचा, अशी ती रीत. एकाने मात्रा सांभाळली, दुसऱ्याने द्रव्यच बदलले. मात्रा सांभाळणाऱ्यांस मापे व नियम मिळाले. परंतु थेंब चुकला की प्राण जाई, आणि म्हणूनच बचनागाचा पोटात घेण्याचा अर्क पाश्चात्य वैद्यकातून कालांतराने मागे पडला. द्रव्य बदलणाऱ्यांची रीत टिकून राहिली; परंतु द्रव्य पुरेसे बदलले की नाही हे सांगणारे माप त्यांच्यापाशी नव्हते. वैद्य जिभेवर कण ठेवून पाही. जीभ बधिर झाली तर शोधन अपुरे समजे. विषाची परीक्षा पाहू नये ही आपल्याकडील म्हण. वैद्यास मात्र ती रोज पाहावी लागे.

याच काळात औषध करणारे हात बदलू लागले. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली पनवेल येथे श्री धूतपापेश्वर हा औषधी कारखाना उभारला. १९१० साली मुंबईस झंडू कारखाना निघाला. स्वतःच्या रोग्यासाठी स्वतः औषध सिद्ध करणारा वैद्य मागे पडून शेकडो कोसांवरील अनोळखी रोग्यासाठी औषध बनविणारा कारखाना पुढे आला. वैद्य चुकला तर त्याचा रोगी त्याच्या डोळ्यांसमोर असे. कारखान्यात तीन दिवसांचे भिजविणे एका दिवसावर आले, तर ते कोणाच्या ध्यानात येणार? डॉ. वामन गणेश देसाई यांच्यासारख्या पाश्चात्य वैद्यक शिकलेल्या ग्रंथकारांनी ओषधीसंग्रह या मराठी ग्रंथात देशी वनस्पतींचे गुणदोष नव्या दृष्टीने मांडले. तरी शोधनाचे प्रत्यक्ष प्रमाण मिळण्यास आणखी काळ जावा लागला.

ते प्रमाण मुंबईतील परळ येथे मिळाले. सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय येथील औषधशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. शरदिनी डहाणूकर या मराठी वाचकांस लेखिका म्हणूनही परिचित आहेत. त्यांनी व सहकारी थोरात यांनी आयुर्वेदीय संस्कार वगळून चालेल काय, असा सरळ प्रश्न घेऊन बचनागावर उंदरांत प्रयोग केला. तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. कच्च्या बचनागाची २.६ मिलिग्रॅम मात्रा दिलेले सर्व उंदीर मेले. पूर्ण शोधन केलेल्या बचनागाची त्याच्या आठपट मात्रा देऊनही एकही उंदीर मेला नाही. सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा, की विष पूर्ण उतरण्यास विधीतील प्रत्येक पायरी आवश्यक ठरली. परंपरेच्या अभिमान्यांस या प्रयोगाने बळ मिळाले हे खरे. परंतु जे कोणी वेळ वाचविण्यासाठी विधीत काटछाट करतात, त्यांच्याविरुद्धही तो तितकाच कठोर पुरावा आहे.

काटछाटीचे परिणाम समुद्रापलीकडे दिसून आले आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हाँगकाँगच्या रुग्णालयांत बचनागाच्या जातीच्या मुळ्यांनी बाधलेले रोगी नोंदविले गेले. मुळीवर पुरेसा संस्कार झालेला नसणे, काढा पुरेसा उकळलेला नसणे, किंवा मात्रा अधिक असणे ही त्यामागील कारणे आढळली. चीनच्या युनान प्रांतात हिवाळ्यात या मुळ्यांचे सार करून पिण्याची चाल आहे. ते तासन्‌तास उकळतात. घाई झाली की तेथेही विषबाधा होते. ओठ व जीभ यांना मुंग्या येणे, हातपाय बधिर होणे, वांती होणे व हृदयाची लय बिघडणे ही तिची लक्षणे आहेत. यावर नेमका उतारा नाही. त्वरित रुग्णालय गाठणे हाच उपाय, आणि सिंगापुरात त्यासाठी ९९५ हा क्रमांक प्रत्येक घरास ठाऊक असावयास हवा.

संस्कार जेथे अपुरे पडतात

येथवरच्या विवेचनावरून कोणी असे समजेल, की विधी पूर्ण केला म्हणजे सर्व वनौषधी निर्धोक होतात. तसे नाही. भिजवून, शिजवून वा तळून जाणारे दोष काही द्रव्यांतच असतात, सर्वांत नसतात.

आपल्याकडे सापसण नावाची वेल आहे. तिच्या कुलातील वनस्पतींत ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी वजन घटविण्यासाठी घेतलेल्या चिनी वनौषधींनी अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. एका सौम्य मुळीऐवजी नावसाधर्म्यामुळे या कुलातील मुळी मिसळली गेली होती, असे १९९३ नंतर उघडकीस आले. शिजविण्याने हे आम्ल पूर्ण नष्ट होत नाही आणि त्याचा परिणाम जिभेवर तत्काळ कळतही नाही; तो वर्षांनी कर्करोगाच्या रूपाने उमटतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या वनस्पतींची औषधे २००२ साली मनुष्यास कर्करोगकारक ठरविली, सिंगापूरने २००४ साली त्यांस बंदी केली आणि २०१३ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या संशोधनाने या आम्लाने पेशींतील जनुकांवर उमटणारी विशिष्ट खूण दाखवून दिली. जिभेच्या परीक्षेवर विसंबलेल्या प्राचीन वैद्यास हा दोष कळणे शक्यच नव्हते. त्यात त्याचा कमीपणा नाही. परंतु आज तो कळल्यावर परंपरेच्या नावाने डोळेझाक करणे मात्र क्षम्य ठरणार नाही. वेखंडाविषयीही असाच विचार करावा लागतो. त्यातील असारोन या द्रव्याच्या प्राण्यांवरील प्रयोगांमुळे अमेरिकेने १९६८ साली वेखंड व त्याचे तेल अन्नात घालण्यास मनाई केली.

दुसरे उदाहरण सिंगापूरचेच आहे. येथे नवजात बालकांना कावीळ होऊन मेंदूस कायमची इजा होण्याचे प्रमाण एके काळी चिंताजनक होते. ग्लुकोज-सहा-फॉस्फेट डीहायड्रोजनेज या विकराची जन्मजात उणीव असलेल्या बालकांत हा धोका विशेष असतो. बालरोगतज्ज्ञ प्राध्यापक वाँग हॉक बून यांच्या प्रयत्नांनी १९६५ पासून जन्मतःच नाळेच्या रक्ताची तपासणी सुरू झाली. बाळंतपणात देण्याच्या हुआंगलियान या चिनी मुळीतील बर्बेरिनवर संशय येऊन १९७८ साली ते विषांच्या यादीत घालण्यात आले. पुढे अधिक पुरावा तपासून २०१३ पासून ही बंदी टप्प्याटप्प्याने उठविण्यात आली. तथापि विकराची उणीव असलेल्या बालकांबाबतची सावधगिरी कायम आहे. आपल्याकडील दारुहळदीत व तिच्या रसांजनात हेच बर्बेरिन असते. येथे दोष केवळ द्रव्यात नाही, द्रव्य आणि घेणारा यांच्या संयोगात आहे. द्रव्य, काल, वय व प्रकृती पाहून औषध योजावे असे सांगणाऱ्या आयुर्वेदास हा विचार अपरिचित नाही.

नियमांचे नवे संस्कार

वैद्याच्या जिभेची जागा आता नियमांनी व उपकरणांनी घ्यावयाची आहे. भारतात १९४० च्या औषध कायद्यात १९६४ साली दुरुस्ती होऊन आयुर्वेदीय, सिद्ध व युनानी औषधे त्याच्या कक्षेत आली. विषारी द्रव्यांची स्वतंत्र अनुसूची असून ती असलेल्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. आयुर्वेदीय योगसंग्रहाचा पहिला भाग १९७८ साली सरकारने प्रसिद्ध केला. त्यात शोधनाचे विधी दिलेले आहेत. २००० साली कारखान्यांच्या स्वच्छतेचे व निर्मितीचे नियम आले.

सिंगापुरात तयार चिनी औषधांवर १९९९ पासून नियंत्रण आले व २००० साली चिनी वैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. २००१ साली स्थापन झालेल्या आरोग्यशास्त्र प्राधिकरणाचे औषध-नियंत्रणाचे कार्यालय बायोपोलिसमध्ये, म्हणजे क्वीन्सटाउनच्याच नियोजन-क्षेत्रात आले. राणीच्या राज्यारोहणाच्या सुमारास, १९५० च्या दशकात, दलदल व टेकड्या सपाट करून ज्या भूमीवर सिंगापूरची ही पहिली उपनगरी वसविण्यास आरंभ झाला, त्या भूमीच्या एका टोकास आज औषधांची सुरक्षितता तपासण्याचे काम चालते आणि त्याच भूमीवरील घराघरांत सहाणेवर मुळ्या उगाळल्या जातात. या दोहोंमध्ये अंतर राहू नये, एवढीच अपेक्षा.

व्यवहारात ध्यानात धरावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. आयुर्वेदीय औषधांना येथे चिनी तयार औषधांप्रमाणे आगाऊ नोंदणी करावी लागत नाही. म्हणून ती निर्दोष असल्याची हमी सरकारने दिली आहे असे समजू नये. औषधांतील शिसे, पारा, आर्सेनिक यांच्या मर्यादा मात्र कडक आहेत. हिंगूळ असलेला त्रिभुवनकीर्ती शास्त्रोक्त शोधन करून बनविला असला, तरी पाऱ्याचे प्रमाण मोजणारे उपकरण शोधनाची साक्ष ऐकत नाही. तेव्हा अशा गोळ्या गावाहून येणाऱ्याच्या पिशवीतून मागवू नयेत. कच्चा बचनाग, कुचला किंवा बिब्बा आणून ग्रंथ वाचून घरी शोधन करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये; तो विधी हाताने शिकावयाचा आहे, आणि तो शिकलेला हातदेखील आता प्रयोगशाळेच्या तपासणीवाचून पुरेसा नाही. बाळगुटीच्या जिनसा ओळखीच्या व जाणत्या दुकानदाराकडून घ्याव्यात, अतिविषाच्या जागी दुसरी मुळी आली नाही याची खात्री नसल्यास ती वगळावी, बाळाची तपासणी काय सांगते हे डॉक्टरांना विचारावे, आणि गुटीत काय आहे हे त्यांच्यापासून लपवू नये. सुनेने असे विचारले तर आजीने तो आपल्या अनुभवाचा अवमान मानू नये; ज्या वैद्याने शोधनाचा विधी प्रथम शोधून काढला, त्यानेही आपल्या आधीच्यांस हाच प्रश्न विचारला असला पाहिजे.

परंपरेने आपल्या हाती मुळ्यांची पुरचुंडी दिली, तेव्हा तिच्याबरोबर भिजविणे, धुणे, शिजविणे आणि वाट पाहणे यांची शिस्तही दिली होती. प्रवासात पुरचुंडी सहज येते, शिस्त वाटेत गळून पडण्याचा संभव असतो. समुद्र ओलांडून आलेल्या कुटुंबांनी दोन्ही जपल्या, आणि त्यांना आजच्या तपासणीची जोड दिली, तरच पूर्वजांच्या ज्ञानाचा वारसा पुढील पिढीच्या हाती निर्धोकपणे सोपविता येईल.